हेरिटेज रास्पबेरी लावावी का? थंड भागात बाग करणाऱ्यांसाठी जरा लांबलचक रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांची सुटका. हेरिटेज ही लाल रास्पबेरी मस्त आहे, दणकट आहे, नवख्या माणसालाही जमते, पण तुमच्याकडे पहिला फ्रॉस्ट (रात्री पारा शून्याखाली जाऊन झाडांवर हिम धरतं तो) सप्टेंबरच्या मध्यातच पडत असेल तर हिच्या नादी लागू नका, लवकर पिकणारी दुसरी व्हरायटी घ्या. ऑक्टोबर बराच सरल्यावर फ्रॉस्ट पडत असेल तर डोळे झाकून घ्या. (महिने सगळे उत्तर गोलार्धाचे लिहितेय.) आता हे असं का ते सांगते, कारण नर्सरीच्या टॅगवर हे कुणी लिहीत नाही.

टॅगवर काय असतं, तर 'कोल्ड हार्डी, झोन ४ ते ८'. झोन ४ म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशोबाने हिवाळ्यातलं नीचांकी तापमान सरासरी उणे ३४ ते उणे २९ सेल्सिअसच्या दरम्यान जातं असा भाग. हे वाचून माणूस खूश होतो की चला, एवढी थंडी सोसते म्हणजे आपल्याकडे टिकणारच. टिकते, त्यात खोटं काही नाही. फक्त शरद ऋतूत फळ देणाऱ्या रास्पबेरीच्या बाबतीत हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, आणि ती सुद्धा बिनमहत्त्वाची अर्धी.

का ते समजायला रास्पबेरीचं झुडूप वाढतं कसं हे माहीत पाहिजे. मुळं वर्षानुवर्षं जगतात पण वरच्या काड्या दोनच वर्षांच्या असतात. उन्हाळ्यात फळणाऱ्या ज्या जाती आहेत त्यांची काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, हिवाळा काढते आणि दुसऱ्या वर्षी फळ देऊन मरते. म्हणजे तिथे काडीने उघड्यावर अख्खा हिवाळा काढायचा असतो, वारा, बर्फ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडून परत कडाक्याची थंडी, त्यात काडीवरचे डोळे (कळ्या) जळून जातात. हेरिटेजसारख्या जातीत मात्र त्याच वर्षी जमिनीतून निघालेली काडी त्याच वर्षाच्या शेवटी शेंड्याला फुलते, फळते. मग हिवाळ्याच्या शेवटी तुम्ही सगळ्या काड्या जमिनीलगत कापून टाकता. म्हणजे थंडी सोसायची कुणी, तर फक्त मुळांनी, आणि मुळं मातीखाली, वरून बर्फाचं पांघरूण, त्यांना उणे तीसची हवा कधी लागतच नाही. मग काडी किती हार्डी आहे याला अर्थ काय राहिला?

खरा प्रश्न दुसऱ्या टोकाला आहे. हिवाळ्यात मरेल का हे नाही, हिवाळा यायच्या आत पिकेल का हे बघायचं.

आणि इथे हेरिटेज स्लो आहे. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला साधारण महिनाभर, थोडं जास्तच, लागतं. ही फुलावर येतेच मुळी उशिरा, त्यामुळे थंड भागात पहिली मूठभर फळं ऑगस्टच्या अगदी शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळतात आणि खरा भर सप्टेंबरभर असतो. त्यात आणखी एक गोष्ट, ही शेंड्याकडून खाली पिकत येते, म्हणजे वरचा घोस आधी, मग त्याखालची फांदी, मग त्याखालची. त्यामुळे फ्रॉस्ट लवकर आला की तुमच्या हातात शेंड्यावरची तेवढी पडतात आणि खाली हिरव्या कडक फळांनी आणि कळ्यांनी लगडलेल्या फांद्या एका रात्रीत काळ्या पडतात. झाड मरत नाही हं, पुढच्या वर्षी परत तेवढ्याच जोमाने उगवतं आणि परत तेच. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या थंड राज्यात बागवाले हिला उशिराची म्हणून टाळतात ते याच कारणाने, थंडीला घाबरून नाही. त्यामुळे घेण्याआधी झोन बघायच्या ऐवजी तुमच्या भागातला पहिल्या फ्रॉस्टचा सरासरी दिवस बघा. पिकायला लागल्यापासून फ्रॉस्टपर्यंत किमान पाच-सहा आठवडे मिळत असतील तर पैसे वसूल.

थोडं पुढे ढकलता येतं. वसंतात नवे कोंब वर यायला लागले की त्यावर ते पांढरं हलकं रो कव्हरचं कापड टाकायचं, खालची माती लवकर गरम होते आणि फळ आठवडा-दोन आठवडे अलीकडे येतं. कोंब गुडघ्याच्या आसपास आले, ऊन तापायला लागलं की काढून टाकायचं. शेवटाला हलका फ्रॉस्ट असेल त्या रात्री चादर टाकून एखाद-दुसरी रात्र निभावते. पण हे सगळं करूनही जिथे फ्रॉस्ट लवकर आहे तिथे ही ओढाताणच आहे, मी तरी सांगेन की व्हरायटी बदला, कापडाशी कुस्ती खेळू नका.

बाकी ही जात नवीनबिवीन नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा इथलं कॉर्नेल विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे तिथून १९६९ मध्ये बाहेर आली. मिल्टन आणि कथबर्ट या दोन रास्पबेरी जातींच्या संकरातून आलेलं रोप आणि डरहॅम ही तिसरी जात हे तिचे आईबाप. ऐंशीच्या दशकापासून पुढे किती नव्या जाती आल्या तरी ही अजून जवळजवळ प्रत्येक कॅटलॉगमध्ये आहे, आणि चिलीसारख्या देशात तर वर्षानुवर्षं व्यापारी लागवडीची मुख्य जात हीच होती, फ्रोझन रास्पबेरीची जी निर्यात तिथून होते त्यात हिचा वाटा मोठा. एवढी टिकली त्याला कारण आहे, फळ घट्ट आहे, झाड ताठ आहे आणि ठोकाठोक उत्पन्न देतं.

फळाबद्दल. साईज मध्यम, ज्यांनी दुकानातल्या अंगठ्याएवढ्या रास्पबेरी बघितल्यात त्यांना ही लहानच वाटणार. रंग उजळ लाल, चकचकीत, काळपट नाही. चव गोड-आंबट, दोन्ही बाजू बरोबरीच्या, वास छान. जगातली सगळ्यात भारी रास्पबेरी आहे का, तर नाही, चवीला कॅरोलाइन ही दुसरी जात माझ्या मते हिच्या वर आहे, पण हिची चव भरवशाची आहे, म्हणजे सप्टेंबरच्या उन्हातल्या फळात तक्रारीला जागाच नाही. ऑक्टोबरात दिवस लहान आणि गार झाले, पाऊस लागला की मग गोडी उतरते, पाणचट होतात, हे मान्य करून चालायचं, ते या मोसमात फळणाऱ्या सगळ्याच जातींचं आहे. उन्हाळा अति तापला तर उलटा त्रास, फळातले काही दाणे पांढरे पडतात, कडक उन्हाने होतं ते, खायला काही हरकत नाही, दिसायला विचित्र दिसतं इतकंच.

घट्टपणा हा मात्र हिचा खरा प्लस पॉइंट. रास्पबेरी तोडताना मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि फळ आतून पोकळ निघतं, त्यामुळे मऊ जातीचं फळ डब्यात दुसऱ्या थराखाली गेलं की चेंदामेंदा. हेरिटेज बऱ्यापैकी आकार धरून राहते. तरी उथळ डबाच वापरा. आणि फळ ओढावं लागत असेल तर ते पिकलेलं नाही, तसंच सोडा, नुसता हात लावल्यावर सुटून येतं तेव्हा तयार. तोडल्यावर रास्पबेरी पुढे पिकत नाही, रंग थोडा गडद होईल पण गोडी जिथे आहे तिथेच राहते, त्यामुळे घाई करून फायदा काहीच नाही. धुवायची ती खाण्याच्या वेळीच, आधी धुवून ठेवली की बुरशी आलीच. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे भरवसा नाही.

आता झाड. काड्या दीड ते पावणेदोन मीटरपर्यंत जातात, जाड आणि ताठ, म्हणून बऱ्याच ठिकाणी लिहितात की आधाराची गरज नाही. अर्धवट खरं. ऑगस्टपर्यंत गरज नसते, पण शेंड्याला फळांचं वजन आलं आणि वर जोराचा पाऊस झाला की सगळी रांग वाटेवर लवंडते आणि खालची फळं मातीत लोळतात. रांगेच्या दोन टोकांना खांब आणि कमरेच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी सुतळी, एवढं केलं की पुरतं. काटे आहेत, ब्लॅकबेरीसारखे रक्त काढणारे नाहीत, बारीक बारीक आहेत, पण अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून तोडायला गेलात तर संध्याकाळभर हात चुरचुरतील.

फुटवे! याबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे. हेरिटेज मुळांवरून जे फुटवे काढते ते बघून पहिल्या वर्षी आनंद होतो आणि तिसऱ्या वर्षी घाम फुटतो. तुम्ही अर्ध्या मीटरवर एक असं रोप लावलं तरी दोनेक वर्षांत मधल्या जागा भरून सलग कुंपण तयार होतं, ते तर हवंच आहे, पण मग ती लॉनमध्ये, शेजारच्या वाफ्यात, पायवाटेच्या फटीत, जिथे मिळेल तिथे डोकं काढते. रांगेची रुंदी तळाशी दीड फुटाच्या आत ठेवायची, बाहेरचे सगळे फुटवे कोवळे असतानाच उपटायचे किंवा लॉनच असेल तर मशीन फिरवायचं. रांग रुंद होऊ दिली तर मधल्या काड्यांना ऊन नाही, वारा नाही, फळ फक्त कडेला आणि आतमध्ये बुरशीचं साम्राज्य. ज्यांच्याकडे जागा चिमूटभर आहे आणि आठवड्यातून एकदा चक्कर मारायलाही वेळ नाही त्यांनी नीट विचार करा. फायदा असा की एकदा रोपं घेतली की पुन्हा विकत घ्यायची वेळ सहसा येत नाही.

कुंडीत लावायची असेल तर मोठी कुंडी लागेलच, पण मुद्दा थंडीचा आहे. जमिनीत मुळांना जे संरक्षण मिळतं ते कुंडीत नाही, कुंडी चारी बाजूंनी गोठते. झोन ४ चा टॅग जमिनीतल्या रोपासाठी आहे, कुंडीतल्या नाही. हिवाळ्यात कुंडी गॅरेजमध्ये किंवा भिंतीच्या आडोशाला, पालापाचोळ्यात गाडून ठेवावी लागते.

आता ज्या कारणासाठी मी ही जात (आणि एकूणच शरद ऋतूतल्या जाती) लोकांना सुचवते ते म्हणजे छाटणी. उन्हाळी रास्पबेरीत कुठली काडी जुनी, कुठली नवी, कुठली ठेवायची, कुठली काढायची यात लोक गडबडतात आणि मग चुकीची कापून वर्षभर फळ नाही म्हणून बसतात. इथे डोकंच लावायचं नाही. हिवाळा संपता संपता, नवे कोंब फुटायच्या आधी, सगळ्या काड्या जमिनीला चिकटून कापायच्या. संपला विषय. बोटभर सुद्धा खुंट ठेवू नका कारण त्या खुंटावरच्या डोळ्यातून कमजोर फांद्या निघतात. आणि फळ संपलं म्हणून ऑक्टोबरात हिरवी पानं असताना लगेच कापायला जाऊ नका, त्या पानांतून आणि काड्यांतून मुळांकडे अन्नसाठा उतरत असतो, तो उतरू द्या. कापलेल्या काड्या बागेबाहेर न्या, काड्यांवरचे जे बुरशीजन्य रोग असतात ते त्याच काड्यांवर हिवाळा काढतात, त्यामुळे दरवर्षी सगळं साफ कापलं की रोगही बराचसा कचऱ्यात जातो. शिवाय हिवाळ्यात सशांनी काड्या कुरतडल्या तरी तुमचं काही बिघडत नाही, तुम्ही त्या कापणारच होतात.

हिच्याकडून दोनदा फळ घ्यायची सोय पण आहे, टॅगवर ते मोठ्या अक्षरात असतं. काड्या न कापता फक्त शेंड्याचा फळून वाळलेला भाग काढायचा, मग त्याच काडीचा खालचा भाग पुढच्या वर्षी जून-जुलैमध्ये फळतो आणि नव्या काड्या परत शरद ऋतूत. ऐकायला फुकटातलं वाटतं पण फुकट नाही. उन्हाळ्याच्या पिकात ताकद जाते, दाटी होते, आणि शरदातलं पीक कमी आणि अजून उशिरा येतं, जे आधीच उशिराचं आहे! आणि असं केलंत की मग काड्यांना उघड्यावर हिवाळा काढावा लागतो, म्हणजे तो टॅगवरचा हार्डीपणाचा आकडा इथे मात्र खरोखर कामाला येतो. एकूण गोळाबेरीज बघता एकच शरदातलं पीक घ्या आणि उन्हाळ्यात हवीच असेल तर एक वेगळी उन्हाळी जात दुसऱ्या कोपऱ्यात लावा.

लागवडीचं फार लांबवत नाही. भरपूर ऊन, दिवसाचे सहा-आठ तास तरी. माती किंचित आम्ल, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. आणि पाण्याचा निचरा, यात तडजोड नाही, पाणी साचलं की मुळकूज होते आणि ज्या झाडाने उणे तीस सोसलं ते ओल्या पायांनी मरतं. माती चिकट असेल तर उंच वाफा करा. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची जिथे होती तिथे नको, त्यांच्या मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते आणि रास्पबेरीलाही लागते. परागीभवनासाठी दुसरी जात लागत नाही, एकटी पुरते, फक्त मधमाश्या पाहिजेत, त्या येतातच. पाणी आठवड्याला साधारण इंच-दीड इंच, फळ भरताना तर नक्की. नत्र वसंतातच द्या, उन्हाळा उलटल्यावर खत टाकलंत की नुसता पाला वाढतो. रोपं शक्यतो रोगमुक्त सर्टिफाइड घ्या, ओळखीच्यांकडून फुकट मिळालेल्या फुटव्यांबरोबर व्हायरस पण फुकट येतो, आणि त्यावर औषध नाही, झाड उपटणं एवढंच. बिनमातीची, उघड्या मुळांची रोपं ऑनलाइन मागवली तर पार्सल आल्या आल्या मुळं बघा, मला एका ठिकाणाहून आलेल्यांपैकी काही इतकी कोरडी ठणठणीत होती की काडीपेक्षा मूळ जास्त वाळलेलं, बदलून दिली त्यांनी पण तोवर लावायचा मोसम हुकला.

आणि आता वाईट बातमी, जी हेरिटेजची चूक नाही पण हेरिटेजलाच जास्त भोवते. ठिपकेदार पंखांची फळमाशी, इंग्रजीत सगळे एसडब्ल्यूडी म्हणतात. मूळची पूर्व आशियातली, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर कॅलिफोर्नियात २००८ मध्ये सापडली, त्याच सुमारास युरोपातही, आणि मग सगळीकडे पसरली. साधी फळमाशी सडक्या फळावर बसते, ही बाई करवतीसारख्या अवयवाने चांगल्या पिकत आलेल्या फळाची साल चिरून आत अंडी घालते. बाहेरून फळ ठीक दिसतं, दोन दिवसांत लिबलिबीत, आत बारीक पांढऱ्या अळ्या. हिची संख्या उन्हाळा संपताना आणि शरदात सगळ्यात जास्त असते, म्हणजे नेमकी हेरिटेज पिकते तेव्हा. १९६९ साली जेव्हा ही जात आली तेव्हा उशिरा पिकणं हा गुण होता, उन्हाळी फळ संपलं की हिचं सुरू, आता तोच गुण अंगाशी येतो.

उपाय आहेत पण कष्टाचे आहेत. रोज किंवा फार तर एक दिवसाआड तोडणी, पिकलेलं एकही फळ झाडावर ठेवायचं नाही, खाली पडलेली आणि खराब झालेली उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवायची, कंपोस्टमध्ये नाही. तोडलेली लगेच फ्रीजमध्ये, थंडीने अंडी-अळ्यांची वाढ थांबते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची जाळी फळ लाल व्हायच्या आधी पूर्ण रांगेवर घातली तर उत्तम काम होतं, पण मग मधमाश्यांचं काय हा प्रश्न येतो, कारण हिला फुलं आणि फळं एकाच वेळी असतात. शंका असेल तर काही फळं मिठाच्या पाण्यात ठेवा, अळ्या असतील तर थोड्या वेळात बाहेर येतात. किळस येते पण एकदा करून बघा, म्हणजे पाहुण्यांसमोर वाडगा ठेवायच्या आधी कळेल तरी. ज्यांना रोज बागेत जाणं शक्य नाही त्यांना याच कारणासाठी मी हेरिटेज नको म्हणेन, फ्रॉस्टचा प्रश्न नसला तरी.

मग दुसरं काय घ्यायचं? पोलंडची पोलाना चांगली दोन आठवडे तरी आधी येते, झाड बुटकं, फळ छान, अगदी लहान मोसमवाल्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंगची ऑटम ब्लिस पण लवकरची, फळ मोठं, पण हेरिटेजइतकं घट्ट नाही. जोन जे बिनकाट्याची, गडद लाल, लहान मुलं तोडणार असतील तर तीच. कॅरोलाइनमध्ये हेरिटेजचंच रक्त आहे, एका बाजूने हेरिटेज आणि दुसऱ्या बाजूने ऑटम ब्लिसचं घराणं, त्यामुळे थोडी लवकर, फळ मोठं आणि चव जास्त ठसठशीत. आज एकच जात लावायला सांगितली तर मी स्वतः कॅरोलाइन घेईन, मोसम लांब असेल आणि फ्रीझरसाठी भरपूर माल हवा असेल तर मात्र हेरिटेज, कारण ताटात एका थरात पसरून गोठवल्यावर हिचे दाणे सुटे राहतात आणि नंतर पिशवीत भरले तरी गोळा होत नाही.

रेटिंग द्यायचंच तर लांब मोसमाच्या थंड भागासाठी पाचापैकी चार, लहान मोसमासाठी दोन. कापलेला तो एक स्टार फुटव्यांचा आहे. आणि ज्यांनी नुकतीच लावलीय आणि पहिल्याच शरदात जेमतेम वाटीभर फळ आलं म्हणून वैतागलेत त्यांनी उपटू नका, तिसऱ्या वर्षापर्यंत थांबा, पूर्ण भरात यायला तेवढा वेळ ती घेतेच.